बिनसमुद्राचं मीठ

सोमवार, ३ फेब्रुवारी

परत मीठ! चौथा दिवस!

ऑफिसच्या वहीत हे लिहिता येत नाही, ती वही सगळेच उघडतात. म्हणून इथे. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत माझी दोन यंत्रं रात्रंदिवस हवा ओढत असतात. एक कण मोजतं — किती, आणि केवढे. दुसरं दर अर्ध्या तासाला कागदी पट्टीवर एक ठिपका धरतं. दुसऱ्या दिवशी ते ठिपके कापून मी पाण्यात भिजवते आणि त्यांत काय काय उतरलं ते काढते. गाड्यांचा धूर, रस्त्याची धूळ, मागच्या बेकरीची राख — हे रोजचे पाहुणे. त्यांच्या येण्याच्या वेळा मला पाठ आहेत. पण गेल्या आठवड्यापासून हे मीठ येतंय. साधं मीठ! सकाळी अकरा वीसला, मग दुपारी चार दहाला. दहा-बारा मिनिटं राहतं, की गायब. रविवारी सुट्टी.

वाऱ्याला रविवार कळत नाही. यात माणसाचा हात आहे, मी लिहून देते.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

कोणी म्हणेल समुद्र. दीडशे किलोमीटरवर आहे, पण वारा तिकडून सुटला की थोडं मीठ येतं इथवर, नाही म्हणत नाही. मात्र समुद्राचं मीठ एकटं कधी येत नाही. मॅग्नेशियमला बोटाला धरून आणतं. शंभर भाग सोडियममागे बारा भाग मॅग्नेशियम, ठरलेलं. माझ्या ठिपक्यांत मॅग्नेशियम शून्य. तीनदा काढलं, तीनदा शून्य! म्हणजे हे मीठ समुद्रावरून आलेलं नाही. बाटलीतून आलंय.

आणि शुद्ध मिठाची बाटली आमच्याकडे एकाच माणसाच्या कपाटात आहे.

दशांशच्या. हे नाव मीच ठेवलं. बाहेर गरम आहे का विचारलं तर "अठ्ठावीस पॉइंट सहा चार" म्हणणारा माणूस. बत्तीस वर्षांचा, कंत्राटावर, मार्चअखेर कंत्राट संपतं. यंत्रांची परीक्षा घेणं हे त्याचं काम. मिठाच्या पाण्याचा बारीक फवारा उडवायचा, पाणी वाळून जातं, मिठाचा कण तेवढा उरतो, तो यंत्राला दाखवायचा. यंत्राने बरोबर ओळखला की पास. फवारा त्याच्याकडे, मीठ त्याच्याकडे, गच्चीची किल्ली त्याच्याकडे. आणखी काय पाहिजे?

कशासाठी करेल, तेही सरळ आहे. सर, आमचे विभागप्रमुख, मेमध्ये निवृत्त होतात. खुर्ची मला मिळणार, जर या दोन महिन्यांच्या मोजणीचा अहवाल धड गेला तर. पहिल्यांदाच माझं नाव पहिलं आहे त्यावर. आणि याने बरोबर तिथेच दुधात मिठाचा खडा टाकला!

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आईला सांगितलं. ती मटार सोलत होती. म्हणाली, "शाळेत असताना तू खडूचे तुकडे मोजून ठेवायचीस. एक कमी भरला की बहिणीचं दप्तर उपसायचीस."

मी म्हटलं, "आणि सापडायचा ना?"

"एकदा सापडला. बाकी वेळा तुझ्याच खिशात असायचा."

आईशी बोलण्यात अर्थ नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

११.३० ला दशांश जिन्यावरून खाली येताना दिसला. हातात कप. रिकामा! गच्चीवर चहा कोण देतं याला?

सोमवार, १० फेब्रुवारी

आज त्याला समोर बसवून विचारलं. आवाज चढवला नाही. नुसते आकडे पुढे ठेवले — तारीख, वेळ, सोडियम, मॅग्नेशियम शून्य.

त्याचा चेहरा उतरला. कागद उचलून आकड्यांवर बोट फिरवलं. मग म्हणाला, "मॅडम, तुम्ही मीठ बघितलंत. आकार बघितलात का?"

"आकाराचं तू मला शिकवू नकोस."

"शिकवत नाही हो. एकदा बघा, एवढंच म्हणतो."

आणि सरांच्या केबिनकडे बघून एकदम गप्प झाला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. सरांची भीती वाटली असणार. वाटलीच पाहिजे.

आकार म्हणे! मिठाच्या पाण्याचं प्रमाण बदललं की आकार बदलतो, हे मला काय आज कळतंय? मला चिमटा धरायला सरांनी स्वतः शिकवलंय. चौदा वर्षं झाली. ठिपका कापताना श्वास रोखायचा, नाहीतर आपल्याच तोंडातलं त्यात उतरतं, हेही त्यांनीच. "मोजणाऱ्याने आधी स्वतःला बाजूला ठेवावं," म्हणायचे. अजूनही ठिपके कापताना माझा श्वास आपोआप थांबतो. आई म्हणते, मटार सोलतानाही थांबतो.

बुधवार, १२ फेब्रुवारी

काल संध्याकाळी सगळे गेल्यावर त्याच्या मिठाच्या बाटलीवर पेन्सिलीने बारीक रेघ मारून ठेवली. आज मीठ रेघेच्या खाली!

त्याच्या रजिस्टरमध्ये नोंद आहे — "मीठ, ०.२५० ग्रॅम, यंत्र क्र. १ तपासणी." वेळ दुपारी दोनची. क्षणभर मनात आलं, चोर कधी नोंद करून चोरी करतो का?

हुशार चोर करतो.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

सरांना सांगितलं. सगळं — वेळा, मॅग्नेशियम, रेघ, रिकामा कप. सर खिडकीशी उभे होते. हल्ली जिना चढून आले की पाच मिनिटं तिथेच उभे राहतात, बाहेरची वाहतूक बघतात. गुडघ्यांनी संप केलाय म्हणतात. चष्मा काढून पुसला. पुसलेला परत पुसला.

"खात्री आहे तुझी?"

"शंभर टक्के, सर."

"मग लेखी दे," म्हणाले.

एवढंच. दुसरा कोणी असता तर हजार फाटे फोडले असते. म्हणून तर सर सर आहेत.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

दोन पानी तक्रार दिली. सरांनी तासाभरात सही करून वर पाठवली. दशांशकडून गच्चीची किल्ली घेतली. पुढच्या कंत्राटाची शिफारस नाही. मार्चअखेरपर्यंत घरी बसून जुने आकडे संगणकावर चढवायचे.

किल्ली घेताना मी त्याला म्हटलंच, "ज्याचं मीठ खातोस, त्याच्याच हवेत मीठ टाकतोस?"

तो हसला. हसण्यासारखं काय होतं त्यात? मग रजिस्टर टेबलाच्या कडेला नीट लावून ठेवलं, पेन त्यावर ठेवलं आणि गेला. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

सोमवार, १७ फेब्रुवारी

मीठ नाही!

मंगळवार, १८ फेब्रुवारी

नाही. अकरा वीसला यंत्रासमोर उभी होते. रेघ सपाट. नाचावंसं वाटलं. सर आठवडाभर मुख्यालयात आहेत, नाहीतर लगेच जाऊन दाखवली असती. तिथे माझ्या नावाचं बोलणार आहेत, असं कारकूनबाई म्हणाल्या.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

पाच दिवस स्वच्छ. आईला पेढ्यांऐवजी आलेख दाखवला. म्हणाली, "छान. चपटा आहे."

सोमवार, २४ फेब्रुवारी

अकरा वीस. मीठ!!

किल्ली माझ्या पर्समध्ये. पर्स माझ्या खांद्याला.

दुसरी किल्ली करून घेतली असणार त्याने. आधीच. शहाणा! संध्याकाळी स्वतः बाजारात जाऊन नवं कुलूप आणलं आणि स्वतः घातलं. दुकानदार म्हणाला, "तिजोरीला का, ताई?" म्हटलं, "हवेला." त्याने पैसे जरा घाईनेच परत केले.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

अकरा वीस. चार दहा. नवं कुलूप जसंच्या तसं. पहाऱ्यावरचा म्हातारा शपथेवर सांगतो, दशांश दहा दिवसांत फाटकाशी फिरकला नाही. उलट मलाच विचारतो, "ते साहेब आजारी आहेत का? जाताना रामराम केल्याशिवाय जायचे नाहीत."

मग शेवटी ते केलं, जे दहा तारखेलाच करायला हवं होतं. पहिल्या यंत्राचं पान उघडलं — आकाराचं.

पॉइंट सहा मायक्रॉन. दर वेळी. तीन तारखेला, सात तारखेला, आज. टोक तिथेच.

दशांशचा फवारा आणून बसले. हलकं पाणी केलं तर कण पॉइंट शून्य आठचा. मीठ वाढवलं, पॉइंट एक. आणखी वाढवलं. शेवटी विरघळेना इतकं मीठ टाकलं, पाणी गढूळ झालं, फवाऱ्याचं तोंड बुजलं. पाव मायक्रॉनच्या वर कण जाईना तो जाईना. पॉइंट सहा या फवाऱ्यातून निघणं शक्यच नाही.

दोन यंत्रं आहेत माझ्याकडे. एक सांगतं काय आहे, दुसरं सांगतं केवढं आहे. इतकी वर्षं लोकांना शिकवते, की दोन्ही विचारल्याशिवाय उगम ठरवायचा नाही. आणि स्वतः एकालाच विचारलं, कारण त्याचं उत्तर मला हवं तसं आलं! त्याने तर तोंडावर सांगितलं होतं. "एकदा बघा, एवढंच म्हणतो."

जेवले नाही. आईने विचारलं नाही, ताट झाकून ठेवलं.

बुधवार, २६ फेब्रुवारी

हातातलं लहान मोजणीयंत्र घेऊन अकराला गच्चीवर गेले. अकरा अठरापर्यंत सगळीकडे सारखं. मग जिन्याच्या बाजूने आकडा चढायला लागला. जिन्याच्या माथ्यावर, गच्चीच्या कुलपाच्या अलीकडे, एक अडगळीची खोली आहे, मोडक्या खुर्च्या, जुनी कपाटं. तिचा झरोका माझ्या हवा ओढणाऱ्या नळीच्या बरोबर खाली. चौदा वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं. झरोक्याशी यंत्र धरलं तर आकडा मावेना. आतून घुर्र असा बारीक आवाज.

वाकून बघितलं.

मोडक्या खुर्चीवर सर बसले होते. तोंडावर प्लॅस्टिकचा मुखवटा, त्यातून पांढरी वाफ. नळी पायाशी ठेवलेल्या लहान मशीनला. डोळे मिटलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि खांदे प्रत्येक श्वासाला वर उचलत होते, जड पिशवी उचलावी तसे. दम लागलेल्यांना देतात ते औषध. मिठाच्या पाण्यातून देतात. पाणी वाळतं, मीठ उरतं.

गुडघे नव्हे. गुडघ्यांना काहीही झालेलं नाही.

मी बुटांचा आवाज न करता खाली आले. बाथरूममध्ये नळ सोडून रडले. चाळीस वर्षं दुसऱ्यांची हवा मोजली त्यांनी!

पण मग सही?

नाही, त्यांना कुठे माहीत असणार! आपली वाफ वरच्या नळीत शिरते, हे त्यांच्या डोक्यातही आलं नसेल. आजारी माणूस आहे.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

दशांशचा पत्ता रजिस्टरच्या पहिल्या पानावर होता. अर्धा दिवस रजा टाकली आणि गेले. तिसरा मजला, दोन खोल्या. दार बायकोने उघडलं. मला ओळखलं असावं, कारण "या" म्हणाली नाही. तो आतून म्हणाला, "मॅडम? आत या."

त्याने खुर्ची पुसून दिली. मी आधी माफी मागायचं ठरवलं होतं, पण तोंडातून निघालं ते भलतंच. "तुला कधी कळलं?"

"एकतीस जानेवारीला. पॉइंट सहा दोन आला. हा आकार मला माहितीये, आमच्या छोटीला आहे ते वाफेचं मशीन. तिच्याजवळ ऑफिसचं यंत्र धरून बघितलं होतं एकदा, सहज." मग म्हणाला, "पॉइंट सहा एक आला होता."

"सरांना कळलंच नसेल, नाही? की त्यांच्यामुळे..."

त्याने माझ्याकडे बघितलं. कीव करावी तसं.

"मी त्याच दिवशी सांगितलं त्यांना. आलेख काढून दाखवला. म्हटलं, सर, खोली तेवढी बदला, मॅडमच्या मोजणीत उतरतंय. तर म्हणाले, दुसरीकडे कुठे बसू, सगळीकडे माणसं आहेत. मेपर्यंत सांभाळून घे. वरच्यांना कळलं तर तपासणी लावून उद्या घरी बसवतील. आणि मॅडमला सांगू नकोस."

"मला का नाही?"

"म्हणाले, तिला सांगितलं तर ती अहवालात लिहील."

हे लागलं. फार लागलं. कारण लिहिलं असतं.

"अरे, पण सही केली त्यांनी तुझ्याविरुद्ध! तेव्हा तरी बोलायचंस!"

"तुम्ही ऐकलं असतंत?"

आतून बायकोचा आवाज आला, "दुसऱ्याचं सांभाळताना ह्यांना कंठ फुटतो. स्वतःचं सांगायची वेळ आली की घसा बसतो!"

मी माफी मागितली. नीट मागितली, कागद बघून वाचावी तशी कोरडी झाली, पण मागितली. तो "असू दे, असू दे" म्हणत राहिला. दारापर्यंत सोडायला आला आणि हळूच म्हणाला, "सरांना काही बोलू नका, मॅडम. फार त्रास होतो त्यांना चढताना." त्या दिवशीचा रिकामा कप कुणाचा होता, ते तेव्हा कळलं. मला एक थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं.

त्याच दिवशी, रात्री

आईला सगळं सांगितलं. म्हटलं, सरांनी भीतीपोटी केलं असेल. एकदा माणूस घाबरला की सही होऊन जाते. नंतर पस्तावले असतील. मुख्यालयात त्याचंच काहीतरी बघायला गेले असतील.

आई म्हणाली, "मग जाऊन विचार की."

विचारलं तर सर काय सांगतील, ते मला आत्ताच ऐकू येतंय. चष्मा पुसतील आणि मला खरं वाटेल असं काहीतरी सांगतील. आणि मला खरं वाटेलही. चौदा वर्षं त्यांच्या शब्दावर जगले मी.

नाही. विचारायचं नाही. मोजायचं.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

नवं पत्र लिहिलं. हाताने, एका पानात. "मोजणीत आलेल्या मिठाला पूर्णपणे मी जबाबदार आहे. मिठाचं पाणी आणि फवारा गच्चीवरच्या खोलीत निष्काळजीपणाने मीच उघडा ठेवत होते. तपासनीसावर केलेली तक्रार खोटी होती, ती मी मागे घेते. त्याचं कंत्राट पुढे चालू ठेवावं. माझ्यावर होईल ती कारवाई मला मान्य आहे." खाली माझी सही. शेजारी जागा सोडली — विभागप्रमुखांची.

यातलं मिठाबद्दलचं एकूणएक अक्षर खोटं आहे, आणि हे ऑफिसात तीनच माणसांना माहीत आहे. मला, दशांशला आणि सरांना.

हे वर गेलं तर खुर्ची गेली. अहवालावरचं नाव गेलं. नोकरी टिकली तरी यापुढे ठिपके कापायला कोणी मला देणार नाही. दशांश मात्र सुटतो, काहीही झालं तरी. तेवढं फेडायचंच आहे मला, त्यात माघार नाही. पण खरं सांगू? हे वर जाणार नाही. सर वाचतील आणि फाडतील. म्हणतील, "वेडी आहेस का? बस इथे." मग स्वतः सांगतील. मी म्हणेन, सर, तुमच्या आजाराचं अवाक्षरही अहवालात येणार नाही, दशांशची तक्रार कशी मागे घ्यायची ते आपण दोघं मिळून बघू. बोलायची वाक्यंसुद्धा तयार ठेवलीत.

आई म्हणाली, "म्हणजे त्यांच्यावरही संशय घेतेसच तू."

हो. घेते. पण आयुष्यात पहिल्यांदा माझा संशय खोटा ठरावा असं वाटतंय. देवाशपथ वाटतंय.

पाच वाजता पाकीट त्यांच्या टेबलावर ठेवलं. ते फोनवर होते. मान हलवली.

रविवार, २ मार्च

दोन दिवस फोन हातात धरून बसले. सरांचा आला नाही.

सोमवार, ३ मार्च

दहाला बोलावलं. माझ्यासमोर पत्र वाचलं, सावकाश, दोनदा. खिशातलं पेन काढलं. सोडलेल्या जागेत सही केली, खाली तारीख घातली, कारकूनबाईंना हाक मारून "वर पाठवा" म्हणाले. मी तशीच उभी होते, तर माझ्याकडे बघून हसले, नेहमीसारखे.

"अक्षर सुरेख आहे हो तुझं. पहिल्यापासून."